शिवलेली होडी

होडी शिवतात, हे मला ठाऊक नव्हतं. लाकूड म्हटलं की खिळा, एवढंच माझं ज्ञान. मालवणच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, एक जुनी होडी दुरुस्तीला काढली होती. आत वाकून पाहिलं, तर फळ्यांच्या सांध्यांवर सुंभाचे टाके, गोधडीला घालावेत तसे. सांध्यावर खिळा कुठे दिसेना.

आठ दिवस तिथेच राहिलो. पहिल्याच दिवशी वही उघडून होडी शिवणाऱ्या आबांकडे आराखडा मागितला. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "आराखडो खंयचो? फळयेक इचार."

काम सांगायला सोपं. फळ्यांच्या काठाला भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची गादी बसवायची आणि सुंभ आतून बाहेर, बाहेरून आत ओवून आवळायचा. एक माणूस आत, एक बाहेर. शेवटी काथ्या आणि राळ भरून भोकं बुजवायची. मला आत बसवलं. पण पुढचं भोक समोरचं की तिरकं, तेच उमगेना. ओढ किती द्यायची, तेही कळेना. जोर लावला तर आबा ओरडत, "वड, पण तिचो जीव घेव नको!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टाक्यांवर बोटाने टिचक्या मारल्या. आवळलेला टाका टणक वाजला. माझे तीन मुके निघाले. सुंभ सलग असतो, एक टाका सैल राहिला की शेजारचेही ढिले पडतात. सगळी ओळ उसवली. त्या टिचकीनंतर मी वही उघडलीच नाही.

शिवायचं कशाला, हे होडी वाळूवर येताना पाहून कळलं. रापणीची होडी लाटा फोडून जाते आणि परत किनाऱ्यावर आपटते. खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, त्याच्याभोवतीचं लाकूड कुजतं. शिवण मात्र धक्क्याला थोडी वाकते आणि पुन्हा सावरते. एखादी फळी खराब झाली, तर तिचेच टाके उसवून ती बदलता येते.

आता फायबरच्या होड्या आल्या. त्यांना देखभाल कमी. चांगलं लाकूड महागलं, आणि यांत्रिक बोटींपुढे रापणीच्या वाट्याला मासळी उरेना. रापण आटली की तिची होडी शिवणारे हातही रिकामे होतात. आबांच्या घरातलं दुसरं कोणीही आज हे काम करत नाही.

तरी ही विद्या मेलेली नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी ते शिवलं, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झालं. जाणता हात होता, म्हणूनच ते झालं.

मालवणला गेलात, तर किनाऱ्यावरच्या जुन्या होडीत एकदा वाकून बघा. ती शिवणारं कोणी भेटलं, तर नुसता फोटो काढून परतू नका. आत बसा आणि चार टाके ओढा. ही विद्या फक्त हातातून हातात जाते.