काना अडला की...

टाइपरायटरचे नाव काढले की हल्लीची मुले हसतात. गोदरेजने १९५५ साली भारतीय टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ साली ते बनवणे थांबवले. तेव्हा आहे ते यंत्र दुरुस्त करायचे, एवढेच आता आपल्या हाती उरले आहे. आणि दुरुस्तीला बसलो, म्हणजे आपण रोज लिहितो त्या अक्षरांची कधी न झालेली ओळख होते.

आमच्या आजोबांनी बेळगावला कोर्टाजवळ बसून जन्मभर लोकांचे अर्ज टाइप केले. अलीकडे त्यांचा हात कापतो. पेनने लिहिलेली ओळ त्यांची त्यांनाच वाचता येईना. एक दिवस म्हणाले, ‘बाळ, माळ्यावरची मशीन काढ बघू. कळीवर बोट आपटायला हात स्थिर लागत नाही.’

मशीन काढली, धूळ झटकली, कागद चढवला. बहुतेक कळा चालल्या. काना तेवढा वर जाऊन मध्येच अडकून बसला.

एकच तर कळ, असे एखाद्याला वाटेल. पण मराठी यंत्राची रचना पाहा. कळा पन्नासाच्या आत आणि आपली अक्षरे, मात्रा, जोडाक्षरे त्याच्या कितीतरी पट! म्हणून ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष यांना यंत्रावर पुरती कळच नाही. त्यांचा नुसता अर्धा भाग आहे. त्याला काना जोडावा तेव्हा अक्षर उभे राहते. ‘अ’ला काना दिला की ‘आ’. वर मात्रा दिली की ‘ओ’. ‘भाषा’ हा दोन अक्षरांचा शब्द टाइप करायला सहा ठोके लागतात आणि त्यांतले चार एकट्या कान्याचे! काना रुसला तर भाषेचे काय उरते, ते तुम्हीच पाहा.

आजोबा खुर्चीत आणि मी जमिनीवर, अशी आमची शाळा भरली. पहिला धडा : कळ जोरात मारायची नाही, हळूहळू दाबायची आणि दांडीकडे बघत राहायचे. दांडी जागची हललीच नाही, तर खालची जोडतार निसटली आहे. दांडी कागदावर पोचली पण अक्षर उठले नाही, तर टोकाचा ठसा डाग सुटून पडला आहे; त्याला पुन्हा डाग द्यावा लागतो. अक्षर एका बाजूनेच उठले, तर दांडी वाकली आहे. अक्षराचे पोट काळे भरून आले, तर ठशात शाईची घाण बसली आहे. ती ब्रशने आणि सुईने काढायची. उकार किंवा अनुस्वार मारल्यावर गाडा पुढे सरकत नाही, तो मात्र बिघाड नव्हे. त्या ‘डेड की’. गाडा सरकला तर अनुस्वार आपल्या अक्षराच्या डोक्यावर बसणार कसा?

आणि दांडी वर जाऊन परत येत नसेल, तर? ‘मोडलेली नाही, मळलेली आहे,’ आजोबा म्हणाले. सगळ्या दांड्या चंद्रकोरीसारख्या एका पट्टीतल्या अरुंद खाचांत बसवलेल्या असतात. खोडरबराचा भुगा आणि धूळ त्या खाचांत साचते. वर कोणी तेल सोडले असेल तर त्याचा चिकटा होतो. म्हणून तेथे तेल घालायचे नाही, हे त्यांनी आधीच बजावले. खाली फडके अंथरून स्पिरिटने खाच धुतली, जुन्या टूथब्रशने घासली, दांडी हाताने वरखाली करीत राहिलो. काळे पाणी निघाले. वाळल्यावर दांडी मोकळी झाली, पण परत यायला आळस करू लागली. स्प्रिंग थकली होती. आजोबांनी कडेच्या, क्वचित लागणाऱ्या एका कळीची स्प्रिंग काढून कान्याला लावायला सांगितली. म्हणाले, ‘ती नुसती बसून खाते!’

हे सारे शिकलात कोणाकडे, असे मी विचारले. कोर्टाजवळ त्यांच्या शेजारी कानडी यंत्रावर एक गृहस्थ बसत. त्यांच्याकडून निम्मे, उरलेले गरजेपोटी. दोघांत एकच स्क्रूड्रायव्हर होता. एकाचे यंत्र बिघडले की दुसरा आपले काम थांबवून उठे, कारण मेस्त्री येईपर्यंत दिवसाची कमाई बुडायची. लिपी निराळ्या होत्या, खाचेतली धूळ एकच.

पहिल्यांदा यंत्र चालवले तेव्हा मला वाटले होते, की निम्मी अक्षरे गेली. प्रत्यक्षात ती सगळी शाबूत होती. एका उभ्या रेघेवाचून अडली होती. कान्याला स्वतःचा असा उच्चार फार तर एकच. पण किती अक्षरे त्याच्या आधाराने उभी आहेत, हे तो अडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

आता आजोबा रोज एक पान टाइप करतात. काय लिहिता, म्हणून विचारले, तर म्हणाले, ‘जन्मभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप केली. आता माझे लिहितोय.’