लिहिताना निसटणारे शब्द

"डॉक्टर, हल्ली लिहिताना मधलेच शब्द राहून जातात. ही विसरभोळेपणाची सुरुवात तर नव्हे?" हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेले असतात आणि विचारताना त्यांचा आवाज नकळत खाली येतो. घरात किंवा नात्यात कुणाला तरी स्मृतिभ्रंश झालेला त्यांनी जवळून पाहिलेला असतो. निसटलेल्या शब्दापेक्षा त्या आठवणीचेच भय त्यांना अधिक असते.

वाचकहो, आपल्यालाही हा अनुभव येत असेल, तर प्रथम त्यामागचे साधे कारण पाहू. मन विचार करते त्या वेगाने हात लिहू शकत नाही. वाक्य मनात पूर्ण झालेले असते, हात मात्र मागे रेंगाळत असतो. अशा वेळी 'तर', 'ही', 'मग', 'नाही' असे लहान शब्द वाटेत गळतात. मोबाइलच्या इवल्याशा अक्षरफलकावर टंकताना हे अधिकच घडते, कारण निम्मे लक्ष योग्य अक्षर शोधण्यात गुंतलेले असते. तरुणांचेही शब्द असेच गळतात. फरक इतकाच, की ते त्याची चिंता करीत नाहीत.

मग पुन्हा वाचतानाही चूक का दिसत नाही? आपले डोळे अक्षरन् अक्षर टिपत जात नाहीत. ते ओळीवरून उड्या घेत जातात आणि मधल्या जागा मन आपल्या माहितीने भरून काढते. लिहिणाऱ्याला मजकूर ठाऊकच असतो, म्हणून कागदावर नसलेला शब्दही त्याला दिसल्यासारखा वाटतो. याच कारणाने जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा छापील मजकुरावर नजर ठेवी.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी नातीला लिहिलेले पत्र मला दाखवायला आणले होते. त्यात तीन शब्द राहिल्याचे त्यांच्या मुलाने दाखवून दिले होते, पण कुठले ते आता त्यांना सांगता येईना. मी त्यांना एकेका शब्दाखाली बोट ठेवून पत्र मोठ्याने वाचण्यास सांगितले. तिन्ही जागी ते आपणहून थांबले आणि योग्य शब्द त्यांनी स्वतःच सांगितला. शब्द त्यांच्यापाशी होताच, केवळ कागदावर उतरला नव्हता. एवढ्यावरून कोणताही आजार नाही असे कोणी ठरवू नये, परंतु हे चिन्ह दिलासा देणारे असते.

याउलट परिस्थिती कशी असते, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डी. नावाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले. त्यांनी तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. 'श्रीमती' या अर्थाचा पहिला शब्द तिने लिहिला आणि पुढचे ती विसरून गेली. उरलेले शब्द तिला पुन्हा सांगावे लागले. इथे घाईत शब्द गळत नव्हता. हात कागदावर टेकला असतानाच तो मनातून पुसला जात होता. पत्रातला एखादा 'तर' राहणे आणि ही अवस्था यांत मोठे अंतर आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

मात्र निसटलेला शब्द निरुपद्रवीच असतो, असे मी म्हणणार नाही. नातीच्या पत्रातली चूक प्रेमाने वाचली जाते, औषधांच्या वहीतली चूक मात्र अंगाशी येते. एका घरी आजोबांच्या शुश्रूषेला दिवसा एक मावशी येत आणि सायंकाळी मुलगा सारे पाही. मावशींनी वहीत 'शुगरची गोळी, जेवणाआधी' एवढेच लिहिले. 'दिली' हा शब्द राहून गेला. मुलाला ती सूचना वाटली आणि दुपारी दिलेली गोळी रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा दिली गेली. रात्री आजोबांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सून प्रसंगावधानी होती. तिने रक्तातील साखर तपासली आणि आजोबा शुद्धीवर असल्याने त्यांना तीन चमचे साखर पाण्यातून पाजली. अशा काही गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना रुग्णालयातही नेले. आजोबा सुखरूप घरी आले.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या हत्येसंबंधी 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे अक्षर कुणीतरी हेतुपुरस्सर बदलले, असे म्हणतात. औषधांच्या वहीत तशा हेतूचीही गरज पडत नाही.

आपल्या मराठीत आणखी एक धोका आहे. नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो. 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये' यातला 'नये' ओळ संपताना राहिला, तर अर्थ नेमका उलटतो. म्हणून सूचना लिहिताना नकार आरंभीच यावा: 'बंद: अमुक गोळी' किंवा 'फक्त जेवणानंतर'. वहीत वाक्ये न लिहिता रकाने आखावेत: तारीख, वेळ, औषध, मात्रा, 'दिली' आणि देणाऱ्याची सही. 'दिली'चा रकाना रिकामा दिसला, तर अंदाज न बांधता विचारून घ्यावे. वही दुसऱ्याच्या हाती सोपविताना ती मोठ्याने वाचून दाखवावी. एवढ्याने मोठे अनर्थ टळतात.

आता, डॉक्टरांकडे केव्हा जावे? लिहिण्यात किंवा बोलण्यात अचानक, काही मिनिटांत वा तासांत गोंधळ सुरू झाला, तोंड वाकडे झाले, एका हातातील शक्ती गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा घरी वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एकदोन दिवसांत गोंधळ वाढला, तर जंतुसंसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे किंवा नव्याने सुरू झालेले औषध, विशेषतः झोपेची गोळी, यांचा विचार करावा लागतो आणि त्याच दिवशी तपासणी हवी.

बदल महिनोन्महिने हळूहळू होत असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, मोतीबिंदू, नैराश्य आणि झोप यांची चौकशी अवश्य व्हावी. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. अक्षर उत्तरोत्तर बारीक होत जाणे कंपवाताचे लक्षण असू शकते. दाखविल्यावरही चूक न उमगणे, नेहमीच्या वस्तूंची नावे न आठवणे, ओळखीचा रस्ता किंवा पैशांचा हिशेब चुकणे, ही चिन्हे एखाद्या गळालेल्या शब्दाहून गंभीर मानावीत. तपासणीला येताना दोन-तीन वर्षांपूर्वीचे एखादे पत्र किंवा हिशेबाची वही सोबत आणावी. तुलना शेजाऱ्याशी करायची नसते, स्वतःच्याच जुन्या अक्षराशी करायची असते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. औषधांची वही कठोरपणे तपासा, पण वडीलधाऱ्यांचे पत्र किंवा रोजनिशी लाल शाईने सुधारू नका. चुका काढल्या जातात म्हणून लिहिणे सोडून दिलेली काही माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा दिवस त्यामुळे अधिकच ओकाबोका झाला. लिहिताना शब्द जुळवावे लागतात, आठवावे लागतात, हात चालवावा लागतो, आणि पलीकडे कुणीतरी वाचणार आहे ही जाणीव माणसाला जगात गुंतवून ठेवते. राहिलेला शब्द वाचणाऱ्याने मनात भरून घ्यावा आणि पत्राला उत्तर मात्र जरूर लिहावे.