दानशाळेतील ताट

वैशाख पौर्णिमेच्या दिवशी आम्ही चौघे माजी विद्यार्थी श्रीलंकेत अनुराधपुराच्या वाटेवर होतो. सार्वजनिक सुट्टीमुळे वाटेतील उपाहारगृहे बंद होती. दुपार टळली तरी पोटात अन्न नव्हते. एका गावात कागदी आकाशकंदिलांखाली उभ्या असलेल्या तरुणांनी आमची गाडी थांबवली. ती 'दन्सल', म्हणजेच दानशाळा होती. येईल त्याला भात, डाळ आणि फणसाची भाजी मिळत होती. आम्ही पैसे पुढे करताच वाढणाऱ्या आजोबांनी हात जोडले आणि आणखी भात वाढला.

'वसतिगृहात फुकट जेवणारी पोरे' हे बोल बालपणी आम्ही ऐकले होते. येथे तर देणाराच घेणाऱ्याचे आभार मानत होता! ते जुने शल्य त्या ताटावर विरघळले. जेवून उठलो आणि आम्हीही वाढायला उभे राहिलो.