खचदरी पाहिली!

मुलांनो, आफ्रिकेची खचदरी शिकवताना तुमच्यातल्या एकाने विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलीय का?" मी गप्प बसले. तेव्हापासून पैसे साठवत गेले.

जाण्याआधी किमान 10 दिवस पीतज्वराची लस घेतली. मुंबई ते नैरोबी विमानाने सुमारे 6 तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे! विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण तासात मसाई माराला नेतं. पण सामान 15 किलोच चालतं आणि भाडं मला परवडेना. मग जीपने निघाले.

माई माहिऊला उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावर चालकाने गाडी थांबवली. समोर खचदरी! फळ्यावर दोन रेघांत काढायचे ती नजरेत मावेना. पुढे नारोक, मग गवताळ माळ. संध्याकाळी हत्तींचा कळपही दिसला.

पण बाळांनो, मला आधी आठवला तो तुमचा प्रश्न. हो, आता पाहिलीय!