दोनशे चाळीस सेलांची चौकशी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढले आणि आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीची आगरे अर्ध्या दिवसात आडवी झाली, त्या दिवशी गेलेली वीज आमच्या वाडीत परत यावयास महिन्याहून अधिक काळ लागला. खांब मोडून पडले होते, तारा झावळ्यांच्या ढिगांखाली गाडल्या गेल्या होत्या, आणि ते सारे भरपावसात पुन्हा उभे करणाऱ्या वायरमन मंडळींचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे विलंबाबद्दल माझी कोणावरही फिर्याद नाही. परंतु इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी पहिल्याच रात्री संपल्यावर पुढच्या रात्री ज्या काळोखात काढल्या, त्या काळोखात एक गोष्ट मनाशी मुक्रर झाली, की पुढच्या वादळापूर्वी घरापुरता उजेड आपल्या हाती असला पाहिजे.

शाळेत भौतिकशास्त्र शिकविण्यात तीस वर्षे गेली, त्या काळातला माझा एक विद्यार्थी पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीजवळ लॅपटॉप-दुरुस्तीचा व्यवसाय करतो. त्या दिवाळीनंतर त्याच्याकडे गेलो असता माळ्यावरचे पोते दाखवून तो म्हणाला, "सर, हे सगळं भंगारात जायचं आहे. हवं तर घेऊन जा, पण उघडताना जपा." पोत्यात लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांचे चाळीस पॅक होते, वजन तेरा किलोच्या आसपास. प्रत्येक पॅकच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, पत्र्याच्या डब्यात घालून, ओळखीच्या गाडीतून ते गावी आणले.

टाकून दिलेल्या बॅटरीत काय उरलेले असणार, असा प्रश्न घरच्यांनी विचारला, आणि तो रास्तच होता. त्याचे उत्तर पॅकच्या रचनेत आहे. अठरा मिलिमीटर व्यासाचे आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचे सहा नळकांडीवजा सेल अशा पॅकमध्ये असतात. दोन-दोन सेल जोडीने समांतर, आणि अशा तीन जोड्या एकीपुढे एक, म्हणजे एकसरीत. यांतील एक जोडी निकामी झाली की आतील संरक्षक मंडल सगळा पॅकच बंद करते, मालक नवा पॅक विकत घेतो, आणि एका जोडीच्या दोषापायी उरलेले चार निरोगी सेलही भंगारात रुजू होतात. १९९१ साली सोनी कंपनीने ज्या सेलांची पहिल्यांदा विक्री सुरू केली, आणि ज्यांच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या सेलांना आपण इतक्या सहजी, स्वतंत्र चौकशी केल्यावाचून, मातीत घालतो याचे मला मनापासून दुःख वाटते.

पॅक उघडणे हे कौशल्याहून अधिक धीराचे काम आहे. प्लॅस्टिकच्या कवचाच्या सांध्यात बोथट पातीचे हत्यार घालून कवच हळूहळू उसवत न्यावे लागते, कारण सेलची संपूर्ण बाह्य डबी ऋण असते आणि धन टोकाची टोपी तिच्या काठापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर असते. वरचे रंगीत वेष्टन तेवढ्या जागी फाटून एखादी धातूची पट्टी टेकली तरी दोन्ही टोके जोडली जातात. सातव्या पॅकच्या वेळी माझ्या हातून हेच झाले. निकेलची पट्टी चिमट्याने सोलताना तिचे मोकळे टोक वळून डबीच्या काठाला लागले, निळसर ठिणगी उडाली, आणि क्षणार्धात तो सेल हातात धरवेना इतका तापला. शेजारी वाळूने भरलेली लोखंडी बादली ठेवलेली होती, तीत तो टाकला आणि बादली खळ्याच्या टोकाला नेऊन ठेवली. धूर आला नाही, पण त्या दिवसापासून काम घराबाहेर, मागच्या पडवीत, चष्मा लावून, हातातली अंगठी काढून, आणि दिवसाउजेडीच करावयाचे असा नियम केला, आणि तो शेवटपर्यंत पाळला. ज्यांना हे करून पाहण्याची इच्छा होईल त्यांनी पहिल्या पॅकपासूनच तो पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चाळीस पॅकांतून दोनशे चाळीस सेल निघाले: कोणी तांबडे, कोणी हिरवे, कोणी नारिंगी, कोणी आकाशी. प्रत्येकावर क्रमांक लिहिला आणि शाळेतल्या हजेरीपटासारखी आडव्या रकान्यांची एक नोंदवही घातली. पहिली परीक्षा नाकाची: ज्या सेलांच्या टोपीभोवती ओलसर डाग होता आणि नखांचा रंग पुसण्याच्या द्रावासारखा गोडसर दर्प येत होता, ते गळके ठरवून तेथेच वेगळे केले. दुसरी मल्टिमीटरची: दोन व्होल्टच्या खाली गेलेला प्रत्येक सेल खारीज. असा सेल पुन्हा भारित होतोही, आणि म्हणूनच तो फसवा असतो; व्होल्टेज इतके उतरले की ऋण बाजूचा तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे भार देताना तेच तांबे आत नको त्या जागी जमून दोन बाजूंमधला पडदा भेदू शकते. या दोन परीक्षांत सदतीस गेले. उरलेल्यांना चार पूर्णांक दोन व्होल्टपर्यंत भार देताना मी दर पंधरा मिनिटांनी एकेकावर बोट ठेवून पाहत असे; नऊ सेल कोमट राहण्याऐवजी तापत गेले, तेही बाजूला काढले.

त्यानंतरची परीक्षा मात्र उपकरणांची नव्हती. भारित केलेले एकशे चौऱ्याण्णव सेल लाकडी फळ्यांत पाडलेल्या भोकांत उभे करून, एकमेकांना न लागतील असे, तीस दिवस नुसते ठेवून दिले. काही काम नाही, काही जोड नाही. निरोगी सेल महिन्याने पाहिला तर चार पूर्णांक एकशेपन्नास हजारांशाच्या आसपास स्थिर असतो. आतून पोखरलेला सेल मात्र कोणी काही न मागताच आपला साठा गमावून बसतो. भार दिल्याच्या दिवशी दोन्ही अगदी सारखे दिसतात, मीटरला त्यांच्यातील भेद मुळीच कळत नाही, आणि म्हणून या कामात उतावळा माणूस हमखास चुकतो. तीस दिवसांनी बावीस सेल चार पूर्णांक एकच्या खाली उतरलेले आढळले. त्यांतील एक सेल आदल्या महिन्यात माझ्या वहीत 'उत्तम' या शेऱ्याचा धनी झालेला होता. तो शेरा खोडला नाही, त्याच्यापुढे नवीन तारखेने दुसरा लिहिला.

मग क्षमतेचे मोजमाप. चार-चार घरांची दोन यंत्रे घेतली होती, ती सेल पूर्ण भरून, ठरावीक प्रवाहाने रिकामा करून, पुन्हा भरून, त्याने किती दिले याचा आकडा दाखवीत. आठ सेलांना जवळजवळ तेरा तास लागत, आणि मध्येच वीज गेली की यंत्र सारा हिशेब विसरून जाई. बावीस दिवसांचे काम अशा खंडांमुळे महिन्यावर गेले. नवेपणी बहुतेक सेल बावीसशे मिलिअँपिअर-तासांचे असावेत. सोळाशेच्या आतले शेहेचाळीस मी सोडून दिले, आणि एकशे सव्वीस हाती राहिले.

शिमग्याला तो विद्यार्थी पालखीसाठी गावी आला, तेव्हा पुण्याहून वेल्डिंगचे छोटे यंत्र बरोबर घेऊन आला. सोळा सेलांचा एक गट, असे सात गट एकसरीत. एकशे बारा सेल कामास लागले आणि चौदा शिल्लक राहिले. गट पाडणे हे जमिनीच्या वाटपासारखे निघाले: सातही वाटण्यांची बेरीज सारखी आली पाहिजे, कारण एकसरीत जो गट सर्वांत दुबळा, तोच सर्वांत आधी रिता होतो आणि त्याच्यापायी बाकीच्या सहांना थांबावे लागते. दोन संध्याकाळ आम्ही कागदावर आकडे हलवीत बसलो. प्रत्येक सेलला स्वतंत्र बारीक फ्यूज तार लावली, जेणेकरून एखादा आतून बिघडलाच तर तो एकटाच गटातून सुटावा. "सर, चार पूर्णांक दोनपर्यंत भरायचंच नाही, एकवरच थांबवायचं," असे तो म्हणाला आणि संरक्षक मंडल त्याने तसेच बसविले. थोडा साठा कमी पडतो, पण सेलचे आयुष्य वाढते. पाच किलो वजनाच्या सेलांत पाऊण युनिटाहून किंचित अधिक वीज मावेल असा हिशेब निघाला. संपूर्ण संच घराच्या भिंतीपासून सुटा, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या कोनाड्यात, पत्र्याच्या पेटीत ठेवला, आणि पडवीच्या छपरावरचे एक सौर पॅनेल त्याला जोडले. बाद झालेले सेल टोकांवर पट्टी लावून, वाळूच्या डब्यात भरून त्याच्याबरोबर पुण्याला पाठविले, कारण त्यांची रीतसर विल्हेवाट लावणारे परवानाधारक त्याच्या ओळखीचे होते. गावच्या उकिरड्यावर ते टाकणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नव्हते.

१६ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे जाऊ लागले. संध्याकाळीच वीज गेली. दोन दिवे लावले, मोबाइल भरावयास लावले, आणि नऊच्या सुमारास शेजारचा मुलगा भिजत दारात उभा राहिला; त्याच्या आजीला दम्याचा त्रास असून तिचा नेब्युलायझर विजेवाचून चालत नव्हता. आजींना आमच्याकडेच आणले. रात्रीतून तीन वेळा ते यंत्र चालले, आणि ते चालत असताना मी कोनाड्यापाशी कंदील घेऊन पेटीवर हात ठेवून उभा होतो. पेटी थंड होती.

पहाटे वारा पडला, पण आभाळ गच्च होते आणि पॅनेलकडून काही मिळण्याची आशा नव्हती. तो मुलगा चहाचा कप हातात धरून म्हणाला, "काका, आज रात्रीपुरती उरली आहे का हो?" मी सातही गट एकामागून एक मोजले. सर्वांत खालचा गट तीन पूर्णांक एकाहत्तर, सर्वांत वरचा तीन पूर्णांक चौऱ्याहत्तर. वहीत तारीख घालून आकडे लिहिले, आणि त्याला सांगितले, "आजींचं मशीन इथेच राहू दे."