चूक वस्तूला सांगू द्या

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की माझ्या फोनवर पालकांचे निरोप सुरू होतात. सिडकोतल्या आया विचारतात, वाळूजला पाळीत काम करणारे बाबाही विचारतात, ‘ताई, पोरगी चार वर्षांची आहे, सुट्टीत घरी काय करून घेऊ?’ सोबत बहुधा एखाद्या क्राफ्ट किटचा फोटो असतो. तुकडे आधीच कापलेले, मागे चिकटपट्टी लावलेली आणि झाकणावर तयार वस्तूचं चित्र. मी बालवाडीच्या ताईंना प्रशिक्षण देते. या किटबद्दल माझी तक्रार किमतीची नाही. त्यात मुलाला चुकायला जागाच ठेवलेली नसते, ही आहे.

घरी कोणतीही कृती निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगते : चुकलं तर ते मुलाला कोण सांगणार? आई सांगणार असेल, तर मूल आईच्या चेहऱ्याकडे बघत काम करतं. हातातली वस्तूच सांगणार असेल, तर ते वस्तूकडे बघतं आणि स्वतःच दुरुस्त करायला लागतं.

हे तत्त्व मारिया माँटेसरींचं. 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांमध्ये एक लाकडी ठोकळा आहे. त्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एक जरी चुकीच्या खाचेत गेला, तरी शेवटी एखादा उरतो नाहीतर बसत नाही. शिक्षिकेनं तोंड उघडायची गरजच पडत नाही. आपल्याकडे ही पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला रुजवली. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी लाकडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून येणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं आणि काटक्या हाताशी घेतल्या. तत्त्व तेच राहिलं, सामान गावचं झालं.

माँटेसरींचा तो ठोकळा आपल्या फडताळात आधीपासून आहे. एकात एक बसणारे स्टीलचे डबे जमिनीवर मांडा, झाकणं वेगळी करा आणि बाजूला बसा. मोठं झाकण लहान डब्यावर डुगडुगतं, लहान झाकण मोठ्या डब्यात पडतं. अडीच वर्षांचं मूलही यात बराच वेळ रमतं. तीन वर्षांच्या पुढे पाणी ओतायला द्या. दोन फुलपात्रं, खाली परात, शेजारी फडकं. सांडलं की परातीत दिसतं आणि पुसायचंही त्यानंच. कडधान्यं निवडायला द्यायची तर समोर बसून द्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र हरभरे, चवळी, चिंचोके देऊ नका. ते नाकात जातात, घशात अडकतात.

‘यापेक्षा अक्षरं गिरवून घेतली तर?’ हा प्रश्न ठरलेला. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि वयाबरोबर एकेक करून कठीण होतात. चार वर्षांच्या मुलात हे काम साधारण निम्म्यावर आलेलं असतं. अशा हाताला पेन्सिल घट्ट धरून रेघेत बसणारं अक्षर काढायला लावणं म्हणजे पाया ओला असताना मजला चढवणं. कणीक मळणं, शेंगा सोलणं, फडकं पिळणं ही या हाताची लिहिण्याची तयारीच आहे.

आता आपल्या शहरातली एक गोष्ट घेऊ. हिमरू सगळ्यांना माहीत आहे, पण तो कसा विणतात हे मुलांना क्वचितच कोणी दाखवतं. जाड कागद मधोमध दुमडा आणि घडीच्या बाजूनं बोटभर अंतरावर समांतर काप द्या. समोरची कड दोन बोटं शाबूत ठेवा. कागद उघडला की ताणा तयार. आता रंगीत कागदाच्या पट्ट्या घ्या. एकाखालून, एकावरून, एकाखालून. पुढची पट्टी उलट. चार-पाच वर्षांचं मूल दुसरी पट्टी हमखास पहिलीसारखीच घालतं. मग दोन्ही पट्ट्या एकमेकींत सरकतात आणि चौकटी उमटत नाहीत. थांबा, बोलू नका. बरीच मुलं स्वतःच पट्टी ओढून काढतात. हे जमलं की हिमरूची शाल उलटी करून दाखवा. सुती ताण्यावर रेशमी नक्षी, आणि पाठीमागे सुटे धागे. पुढची बाजू कशी घडली हे मागची बाजू सांगते.

गावाकडून आजी-आजोबा आले असतील, तर ज्वारीच्या धाटाची गाडी त्यांच्याकडून शिका. कडब्यातलं जाड धाट घ्यायचं, वरची कडक साल लांब पट्ट्यांत सोलायची, आत पांढरा, हलका गाभा उरतो. गाभ्याचे तुकडे म्हणजे चाकं नि बैल, सालीचे तुकडे म्हणजे आस नि जू. डिंक लागत नाही, साल गाभ्यात रुतते. साल धारदार असते, सोलण्याचं काम मोठ्यांचं. टोचणं, जोडणं मुलाचं. आस चाकाच्या मधोमध गेली नाही, तर गाडी लंगडत चालते. केंद्र म्हणजे काय, हे पाचव्या वर्षी यापेक्षा चांगलं शिकवता येत नाही.

आणि दिवाळीत किल्ला हवाच. अंगण नसेल तर पार्किंगचा कोपरा चालतो. तयार प्लास्टर ऑफ पॅरिसचा किल्ला आणू नका. देवगिरी पंधरा किलोमीटरवर आहे, आधी तिथं जाऊन या. खंदक, अंधेरीची काळोखी वाट, चाँद मिनार दाखवा आणि परत येऊन माती भिजवा. मुलांना खंदकात पाणी हवंच असतं, आणि ते जिरून जातं. मुरुमात झरझर, काळ्या मातीत जरा रेंगाळत. देवगिरीचा खंदक कातळात कोरलेला आहे. आपलं पाणी का राहिलं नाही, हा प्रश्न मग मूलच विचारतं. उत्तर लगेच देऊ नका. कोणी प्लास्टिक अंथरतं, कोणी काळी माती थापतं. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या काळ्या मातीला भेगा पडल्या की नवा प्रश्न उभा राहतो. वर अळीव पेरा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. पाणी घालायला विसरलं, तर अळीवच सांगतो.

या सगळ्यात मोठ्यांचं काम थोडं आणि अवघड आहे. कृती एकदा सावकाश, न बोलता करून दाखवायची. मग हात मागे घ्यायचे. मूल उठून गेलं तर काम संपलं, ओढून बसवायचं नाही. आणि फोटोसाठी गुपचूप कोपरे सरळ करायचे नाहीत. मुलाला ते कळतं, आणि आपलं काम पुरेसं नव्हतं हेही कळतं.

फराळाच्या दिवशी एक पोळी लाटून मुलासमोर ठेवा आणि हातात शंकरपाळ्यांचं कातणं द्या. तळण मात्र तुमचंच. बारीक तुकडे लवकर करपतात, मोठे फिके राहतात, हे झाऱ्यावर आलं की त्याला लांबून दाखवा. पुढची पोळी ते जरा जपून कापेल. आणि ते वेडेवाकडे शंकरपाळे पाहुण्यांच्या ताटात बिनधास्त वाढा. ‘हे आमच्या छोट्यानं केलेत हं,’ असं म्हणून आधीच माफी मागू नका. पाहुणे खातील, आणि चव कशी आहे ते त्यालाच सांगतील.