अंड्यावाचून पॅनकेक

पॅनकेक हे नाव परके असले तरी ती वस्तू आपणांस अगदीच अनोळखी नाही. तव्यावर पातळ पीठ ओतून भाजलेले धिरडे आपल्या सातारा-सांगलीकडे घरोघर होते. कोकणात घावन व आंबोळी होते. यांत अंडे पडत नाही. असे असता पॅनकेक म्हटले की अंडी व दूध हवेच, असा समज पुष्कळांचा आहे. त्याचे एक कारण इंग्लंडातील जुन्या चालीत सापडते. भस्म बुधवारी उपवासकाळ सुरू होई. त्यापूर्वी घरातील अंडी, दूध व लोणी संपवावयाचे म्हणून आदल्या मंगळवारी पॅनकेक करीत. उलटपक्षी इथिओपियातील ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवसांत हे पदार्थ मुळीच खात नाहीत. टेफ नावाच्या धान्याचे पीठ आंबवून केलेली, आपल्या आंबोळीसारखी जाळीदार इंजेरा त्या दिवसांतही त्यांच्या ताटात असते. तेव्हा अंडे हा या पदार्थाचा प्राण नव्हे, हे उघड आहे.

आम्हांस हा विषय केवळ जिभेचा वाटत नाही. सांगलीकडे जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे आम्ही शिकवीत असता, वर्गाच्या खाऊच्या दिवशी एक मुलगी बशीस हात न लावता “मला भूक नाही,” असे हसून सांगताना आम्ही पाहिली. केकात अंडे होते. भूक तिलाही होती; परंतु चारचौघांत पुन्हा पुन्हा कारण सांगत बसण्यापेक्षा उपाशी राहणे तिला सोपे वाटले. पूर्वी साताऱ्यास आमच्या एका विद्यार्थ्यास अंडे बाधत असे; खाल्ले की अंगावर गांधी उठत. एकीस धर्माने मना, दुसऱ्यास प्रकृतीने. पण बाजूस बसण्याचे दुःख दोघांचे एकच. पुढील खाऊच्या दिवशी आम्ही पॅनकेक केले ते पुढीलप्रमाणे.

एक वाटी कणीक किंवा मैदा, एक मोठा चमचा पिठीसाखर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात सुमारे एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल व एक मोठा चमचा लिंबाचा रस मिसळून ते पिठात ओतावे. गुठळ्या मोडण्यापुरतेच ढवळावे. फार घोटल्यास गव्हातील चिकट सत्त्व ताणले जाऊन पॅनकेक वातड होतो. पीठ धिरड्याहून दाट असावे. मंद आचेवरील तव्यास तेलाचे बोट फिरवून पळीभर पीठ ओतावे. वर बुडबुडे येऊन फुटले व कडा सुकल्या की उलटावे. पीठ भिजवून ठेवू नये. वायू निघून गेला तर ते फुगत नाही.

वॉफल म्हणजे हेच पीठ चौकड्यांच्या दुहेरी लोखंडी साच्यात भाजणे. त्यासाठी आणखी दोन चमचे तेल व कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाची पिठी घालावी. वाफ थांबेपर्यंत साचा उघडू नये.

यातील शास्त्र सोपे आहे. अंडे पीठ बांधून धरते व फुगविते. पहिले काम गव्हातील चिकट सत्त्व करते. दुसरे, सोडा व लिंबाचे आम्ल एकत्र येताच निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू करतो. रात्री आंबवून ठेवलेले पीठ काही जैन घरांत चालत नाही. हे तर ताजेच भिजविलेले असते. मधही त्यांस वर्ज्य, म्हणून आम्ही वर गुळाचा पाक घातला. त्या दिवशी त्या मुलीने तीन पॅनकेक खाल्ले व चौथा मैत्रिणीच्या बशीतून उचलला.

इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचे एक रसायनज्ञ औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीस अंडी व यीस्ट ही दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ साली अंड्यावाचूनचे कस्टर्ड व १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. एका माणसास आपल्याबरोबर जेवता यावे म्हणून केलेली ही खटपट पुढे जगातील असंख्य स्वयंपाकघरांच्या उपयोगी पडली. दूध, अंडी, मध इत्यादी प्राणिज पदार्थ न खाणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द तर इंग्लंडात १९४४ साली निघाला; पण पंगतीतील एकासाठी सर्वांचे ताट बदलावयाचे, हा विचार त्याहून फार जुना आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने हेच सांगितले आहे. आपल्या खाण्याने बंधू अडखळत असेल, तर ते खाणे सोडण्यास तो तयार होता.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी वाढदिवस असेल, सोबती जेवावयास येणार असतील, तेव्हा पीठ भिजविण्यापूर्वी आईस एवढेच विचारा की, येणाऱ्यांपैकी कोणास काय चालत नाही. पालकांसही आमची हीच विनंती आहे. त्यासाठी खर्च वाढत नाही. उलट अंड्यांचे व दुधाचे पैसे वाचतात, आणि कोणा मुलास भूक असून नाही म्हणावे लागत नाही.